कान तयार करताना : मराठी शिकणाऱ्यांना 'ऐकणं' कसं शिकवायचं?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

 

मराठी शिकवण्याचा विषय निघाला की आपण व्याकरणाबद्दल बोलतो, पुस्तकांबद्दल बोलतो, फार तर संभाषणाबद्दल बोलतो. ऐकण्याबद्दल कुणी बोलत नाही. ते आपोआप येतं, असं आपण धरून चालतो. आजचा भाग या ऐकण्याबद्दलच आहे. ऑडिओ, व्हिडिओ, सबटायटल, व्हॉइस नोट ही साधनं आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. त्यांचा वापर करून शिकणाऱ्याचा कान कसा तयार करायचा, ते आज बघू. तुम्ही शिक्षक असाल तर उत्तमच. पण घरात अमराठी सून किंवा जावई असेल, ऑफिसात बाहेरच्या राज्यातून आलेलं कुणी असेल, तरी हे तुमच्या कामाचं आहे.

मी पुण्यात संध्याकाळचे वर्ग घेते. येणाऱ्यांत बँकेतले लोक असतात, आयटीतले असतात आणि बऱ्याच नर्स असतात. कुणी केरळमधून आलेली, कुणी छत्तीसगडमधून, कुणी उत्तर प्रदेशातून. बँकेतल्या माणसाचं हिंदीवर भागतं. समोरचा ग्राहकही मोडकंतोडकं हिंदी बोलतो. नर्सचं तसं नाही. खेड्यातून आलेली सत्तरीची आजी दुखायला लागलं की हिंदी शोधत बसत नाही. ती म्हणते, 'छातीत कळ येते', 'अंगात कणकण आहे', 'भोवळ आल्यागत होतंय', 'घशाशी येतंय'. यातला एकही शब्द सहसा पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या वीस धड्यांत नसतो. आणि यातला प्रत्येक शब्द वेळेवर कळणं गरजेचं असतं.

बोलताना शब्द आपण निवडतो. येत नसलेला शब्द टाळून दुसरा वापरता येतो. ऐकताना ती सोय नाही. शब्द समोरचा निवडतो, वेगही तोच ठरवतो. वाचताना मागची ओळ पुन्हा बघता येते, ऐकलेलं मात्र उडून जातं. म्हणून सहा महिने शिकलेला माणूस मराठीत दहा वाक्यं छान बोलतो, आणि समोरून उत्तर आलं की गोंधळतो. त्याला वाटतं, आपलं मराठीच कच्चं आहे. खरं तर त्याला त्या उत्तरातले बहुतेक शब्द माहीत असतात. फक्त कानावर पडले तेव्हा ते त्याला ओळखू आलेले नसतात.

का ओळखू येत नाहीत? पुस्तकात लिहिलेलं असतं, 'काय झाले आहे?' कानावर पडतं, 'काय झालंय?' पुस्तकात 'कुठे आहे', तोंडी 'कुठंय'. 'येत आहे'चं 'येतोय' किंवा 'येतेय' होतं. 'रात्रीपासून'चं 'रात्रीपासनं' होतं. 'आहे' हा शब्द शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी शिकलेला असतो, आणि प्रत्यक्ष बोलण्यात तो सुटा जवळजवळ ऐकूच येत नाही. आधीच्या शब्दाला चिकटून त्याचा नुसता 'य' उरतो.

दुसरी अडचण ध्वनींची. आपल्याकडे 'चहा'तला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. 'माझा'मधला झ आणि 'माझी'मधला झ एक नाहीत. लिहिताना अक्षर एकच, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. ज्याच्या भाषेत दातांजवळून येणारा हा च नाही, त्याला तो आधी 'स' किंवा 'त्स' असा काहीतरी ऐकू येतो. मग तो शब्दकोशात 'स'खाली शोधत बसतो. आता गंमत बघा. ळ मात्र मल्याळीभाषकांना सहज कळतो, कारण त्यांच्याकडे तो आहे. हिंदीभाषकांची तिथे अडचण होते. 'कळ' त्यांना 'कल' ऐकू येतं. छातीत 'कल'? म्हणजे उद्या? तेलुगूभाषकांकडे ळ आहे आणि दंत्य चही आहे, त्यामुळे या दोन्ही ठिकाणी ते अडत नाहीत. म्हणजे एकाच वर्गात बसलेल्या चौघांचे कान चार ठिकाणी अडतात. सगळ्यांना एकच सीडी लावून 'ऐका' म्हटलं तर कोण कुठे अडलं ते कळणारच नाही.

तिसरी अडचण आकड्यांची. 'सदुसष्ट' आणि 'अडुसष्ट', 'एकोणतीस' आणि 'एकोणचाळीस'. शिवाय सव्वा, दीड, अडीच, पावणे. 'पावणेआठला गोळी घेतली' हे वाक्य घ्या. 'आठला' एवढंच कानात शिरलं तर पंधरा मिनिटांचा फरक. आणि 'दीड गोळी'तलं 'दीड' हुकलं तर प्रश्न औषधाच्या मात्रेचा.

आता साधनांकडे येऊ.

पहिलं, नुसता आवाज. मी वर्गात वीस ते चाळीस सेकंदांच्या क्लिप वापरते. त्याहून मोठी नाही. दहा मिनिटांचं भाषण लावलं की विद्यार्थी दुसऱ्या मिनिटाला हरवतो आणि उरलेली आठ मिनिटं मान डोलावत बसतो. तीस सेकंदांची क्लिप पंधरा वेळा ऐकता येते. बातम्या हव्या असतील तर आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या सुरुवातीला बऱ्या. उच्चार स्वच्छ, वाक्य पूर्ण, मागे गोंगाट नाही. पण तिथेच थांबू नका. बातम्यांतली भाषा ही लिहिलेली भाषा आहे, मोठ्याने वाचलेली. बाजारात, दवाखान्यात, रिक्षात कुणी तसं बोलत नाही.

म्हणून सगळ्यात उपयोगी पडते ती व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट. मी ओळखीच्या लोकांना सांगते, 'तुमचं पोट बिघडलंय आणि तुम्ही दवाखान्यात फोन करताय, असं समजून अर्धा मिनिट बोला.' कागदावर लिहून वाचू नका, एवढीच अट. माझी मावशी, सोसायटीचे वॉचमन काका, भाजीवाल्या ताई, सगळ्यांनी बोलून दिलंय. अमरावतीच्या मैत्रिणीकडून 'काय करून राहिली' आलं, मराठवाड्यातल्या एका विद्यार्थ्याच्या घरमालकांकडून 'काय करायलास' आलं. पुण्यातल्या रुग्णालयात सगळ्या महाराष्ट्रातून माणसं येतात, म्हणजे कानही सगळ्या महाराष्ट्राचा हवा. एक गोष्ट मात्र पक्की ठेवा. खऱ्या रुग्णाचं बोलणं रेकॉर्ड करायचं नाही. त्याचं दुखणं हे आपलं शिकवण्याचं साहित्य नव्हे. आणि ज्यांनी आवाज दिला, त्यांना तो कुठे वापरणार ते आधी सांगायचं.

दुसरं साधन व्हिडिओ. आपण कानांनी ऐकतो असं म्हणतो, पण डोळेही ऐकत असतात. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या संशोधकांनी १९७६ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरचा चेहरा 'गा' म्हणतोय आणि त्यावर आवाज 'बा'चा लावलाय, तर बहुतेक मोठ्या माणसांना 'डा'सारखं काहीतरी तिसरंच ऐकू आलं. म्हणजे ओठांच्या हालचाली आपण नकळत ऐकण्यात मिसळतो. याचा शिकवताना सरळ उपयोग आहे. सुरुवातीला बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसेल असा व्हिडिओ घ्या. आधी आवाज बंद करून दाखवा आणि विचारा, 'ही बाई काय सांगत असेल?' पोटाला लावलेला हात, आठ्या, मागचा फळा, यावरून मुलं अंदाज बांधतात. मग आवाजासकट दाखवा. शेवटी पडदा झाकून नुसता आवाज ऐकवा. हा शेवटचा टप्पा सोडायचा नाही. फोनवर चेहरा दिसत नाही आणि मास्क लावला की ओठही दिसत नाहीत.

तिसरं, सबटायटल. यावर शिक्षकांत बरीच ओढाताण असते. कुणी म्हणतं लावा, कुणी म्हणतं कुबड्या नकोत. २००९ साली होल्गर मिटेरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी नेदरलँड्समधल्या लोकांवर केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. इंग्रजी चांगलं येणाऱ्या डच लोकांना त्यांनी अनोळखी ढंगाच्या इंग्रजीतले, म्हणजे ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश बोलण्याचे, व्हिडिओ दाखवले. काहींना खाली इंग्रजीच अक्षरं होती, काहींना डच, काहींना काहीच नाही. इंग्रजी अक्षरं वाचलेल्यांना तो ढंग नंतर जास्त चांगला कळायला लागला. डच अक्षरं वाचलेल्यांना नव्या वाक्यांत त्याचा तोटाच झाला. कारण समजायला सोपं आहे. कानावर जे पडतंय तेच डोळ्यांपुढे असेल, तर आवाज आणि शब्द यांची गाठ बसते. डोळ्यांपुढे दुसरीच भाषा असेल, तर अर्थ तिथूनच मिळतो आणि कान सुट्टीवर जातो.

आपल्याकडेही याच्या जवळचा एक प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आहे. ब्रिज कोठारी यांनी हिंदी गाण्यांखाली हिंदीतच ओळी दाखवण्याची कल्पना मांडली आणि दूरदर्शनच्या 'चित्रहार'वर ती प्रत्यक्षात आली. तिथे उद्देश वाचन पक्कं करण्याचा होता. ओळखीच्या गाण्यावरून अक्षर ओळखायचं. आपलं काम उलट्या बाजूने आहे, ओळखीच्या अक्षरावरून आवाज ओळखायचा.

म्हणून माझा क्रम असा : आधी अक्षरांशिवाय ऐकायचं, मग मराठी अक्षरांसह, आणि शेवटी पुन्हा अक्षरांशिवाय. मराठी क्लिपखाली हिंदी किंवा इंग्रजी ओळी मी लावत नाही. आणि अक्षरं स्वतः टाइप करा. मशीनने आपोआप लिहिलेल्या ओळी नेमक्या 'ठरंना', 'कुठंय' अशा ठिकाणीच चुकतात. तुम्ही लिहितानाही 'कुठे आहे' असं शुद्ध करून लिहू नका. जे कानावर पडतंय तेच लिहा.

चौथं, वेग. यूट्यूबवर वेग ०.७५ करता येतो. विद्यार्थ्यांना ही सोय फार आवडते. कधीतरी एखादा शब्द पकडायला ठीक आहे, पण रोजची सवय नको. वेग कमी केला तरी 'झालंय'चं 'झाले आहे' होत नाही, फक्त 'झाऽऽलंय' होतं. त्यापेक्षा मधे थांबा. वाक्य आपल्या मूळ वेगानेच जाऊ दे, पण दोन वाक्यांमधे तीन सेकंदांची शांतता ठेवा. ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात अशी शांतता घालायला दोन मिनिटं लागतात. तेही नको असेल तर सरळ बोटाने पॉज करा. आवाज खरा राहतो आणि डोक्याला वेळ मिळतो.

बरं, आता हे सगळं तासात कसं बसवायचं? एक क्लिप घेऊ. बावीस सेकंदांची आहे, आजी फोनवर बोलतात असं कल्पून माझ्या शेजारच्या काकूंनी बोललेली :

'अगं, काल रात्रीपासनं पोटात मुरडा येतोय. पाणीसुद्धा पोटात ठरंना झालंय. पावणेआठला गोळी घेतली, पण लगेच उलटून पडली बघ.'

आधी मी फक्त प्रसंग सांगते, की एक आजी दवाखान्यात फोन करतायत. मग क्लिप एकदा, पेन खाली ठेवून. काय कळलं ते कुठल्याही भाषेत सांगा. कुणी म्हणतं 'पोट', कुणी 'पाणी', कुणी 'गोळी'. हे पुष्कळ झालं. दुसऱ्यांदा एकच प्रश्न देऊन : 'गोळी पोटात राहिली का?' तिसऱ्यांदा एकच वाक्य, मधलं, आणि ते ऐकू येईल तसं लिहायचं. हेच शुद्धलेखन, आपल्या शाळेतलं. फक्त इथे गुण द्यायचे नसतात.

त्या वह्या म्हणजे खरा खजिना. 'मुरडा'च्या जागी एका हिंदीभाषक मुलाने 'मुर्दा' लिहिलं होतं. 'ठरंना' बऱ्याच जणांनी 'ठरणार' लिहिलं. आता बघा, अर्थ पूर्ण उलटा झाला. आजी सांगतायत की पाणी पोटात राहत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटलं राहणार आहे. मराठीत नकार असा शब्दाच्या शेपटात लपतो : 'ठरंना', 'बसवंना', 'करवंना'. हिंदीभाषक 'नहीं'सारखा सुटा शब्द शोधत असतो, तो त्याला सापडत नाही.

इथे जॉन फील्ड यांचं म्हणणं मला फार पटतं. त्यांचं 'लिसनिंग इन द लँग्वेज क्लासरूम' हे पुस्तक २००८ साली आलं. त्यांची तक्रार थोडक्यात अशी, की वर्गात आपण क्लिप लावतो, प्रश्न विचारतो, उत्तरं बरोबर की चूक ते सांगतो आणि पुढे जातो. यात ऐकण्याची परीक्षा झाली, पण ऐकणं शिकवलं कुठे? चूक उत्तर ही सुरुवात आहे. तिथून मागे जाऊन कान नेमका कुठे अडला ते शोधायचं.

मी अडण्याचे तीन प्रकार करते. एक, शब्दच माहीत नव्हता, जसा 'मुरडा'. तो शिकवायचा. दोन, शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही, जसं 'रात्रीपासनं'. तिथे अर्थ सांगून उपयोग नाही, ते रूप चार वेगळ्या आवाजांत पाच-सहा वेळा ऐकवायचं. तीन, शब्द सगळे ओळखले पण जोडता आले नाहीत, जसं 'उलटून पडली'. 'उलटणं' माहीत, 'पडणं' माहीत, गोळी जमिनीवर पडली असं वाटलं. तिथे प्रसंगाशी सांगड घालून द्यायची. तीन आजारांना एकच औषध दिलं की विद्यार्थी म्हणतो, 'मॅडम, बहुत सुना, फिर भी समझ में नहीं आता.'

शेवटी मजकूर हातात देऊन एकदा, आणि मजकूर बाजूला ठेवून एकदा ऐकायचं. आणि मग परत विचारण्याची वाक्यं : 'आजी, परत सांगता का?', 'उलटी झाली का?', 'पावणेआठ म्हणालात ना?' हाही ऐकण्याचाच भाग आहे. पूर्ण न कळता मान डोलावण्यापेक्षा विचारणारी नर्स कधीही बरी. ही वाक्यं मी पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेते.

गाण्यांबद्दल बरेच जण विचारतात. गाणी जरूर ऐकवा, भाषेची गोडी लागते. पण गाण्यात स्वर ताणले जातात, शब्दांचे तुकडे चालीप्रमाणे पडतात, आणि 'कुठंय', 'झालंय' तिथे कमीच भेटतं. मालिकांचं वेगळं. एका वेळी बहुधा दोनच माणसं बोलतात, प्रसंग चेहऱ्यावर दिसतो, तीच माणसं रोज भेटतात, त्यामुळे आवाज ओळखीचे होतात. मालिकेतला दीड मिनिटाचा प्रसंग अभ्यासाला चांगला. अख्खा भाग घरी बघा, मजेसाठी.

काही जणांचं म्हणणं असतं, एवढी चिरफाड कशाला? भरपूर ऐकलं की येतं. स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या सुमाराला मांडलेला विचार याच दिशेचा आहे. पण त्यांचीही अट होती, की कानावर पडणारं बऱ्यापैकी कळण्यासारखं हवं. काहीच कळत नसेल तर तो नुसता आवाज, पंख्याच्या घरघरीसारखा. आणि माझ्या वर्गातल्या मुलींकडे लहान मुलासारखी पाच वर्षं नसतात. रात्रपाळी करून, बस बदलून त्या येतात. म्हणून वर्गात तीस सेकंद नीट सोलून घ्यायचे, आणि तीच क्लिप त्यांनी बसमध्ये आठवडाभर ऐकायची. आता ती कळते, म्हणून आता भरपूर ऐकण्याचा फायदा होतो.

आता शेवटचं, आणि हे शिक्षकांसाठी नाही, तुम्हा-आम्हा सगळ्या मराठी माणसांसाठी आहे. समोरचा जरा अडखळला की आपण लगेच हिंदीवर येतो. मदत म्हणूनच करतो, पण त्याच्या कानाला मिळायची ती संधी तिथेच जाते. किंवा मग आपण तेच वाक्य मोठ्याने ओरडून सांगतो. तो बहिरा नाहीये हो! पुढच्या वेळी एवढंच करा. तेच वाक्य, त्याच सुरात, फक्त मधे जरा थांबून पुन्हा म्हणा. दुसऱ्यांदाही नाही कळलं तर एखादा शब्द बदला. तिसऱ्यांदा बोलायची हिंदी खुशाल.

आणि या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या ओळखीत मराठी शिकणारं कुणीतरी असेलच. त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाची एक व्हॉइस नोट करा. विषय काहीही चालेल : दूध नासलं, गॅस संपला, लाइट गेली, बस चुकली. लिहून वाचायचं नाही, घरात बोलता तसंच बोलायचं. खाली कानावर पडेल तसा मजकूर टाइप करून द्या, पण तो दुसऱ्या दिवशी पाठवा. पहिला दिवस नुसत्या कानाचा.

काय काय ऐकू आलं आणि कुठे अडलं, ते आम्हाला जरूर कळवा. त्यातल्या चांगल्या उदाहरणांवर एखादा भाग करू. पुढच्या वेळी आकड्यांवर बोलू, एकोणीसपासून नव्व्याण्णवपर्यंत. तोवर बोलत राहा, आणि दुसऱ्याला ऐकायला वेळ द्या. भेटू या!